पांढरी कोणाची?

आज मातीविषयी थोडं बोलायचं आहे. पिकाच्या मातीविषयी शेतीतज्ज्ञ आकाशवाणीवरून आपल्याशी नेहमीच बोलतात. मी बोलणार आहे ते अशा मातीविषयी, जिच्यात कुणी मुद्दाम काही पेरलं नाही, पण जिच्यात माणसांच्या कितीतरी पिढ्या मुरल्या आहेत.

आपल्या जुन्या लोकांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग पाडले होते. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे घरांची. पुढे 'पांढरी' या शब्दाचा अर्थ नुसती जागा एवढाच राहिला नाही. त्या जागेवर नांदणारी सगळी माणसं, सगळ्या जातींची आणि सगळ्या धंद्यांची, मिळून 'पांढरी' झाली. जागेला आणि माणसांना एकच शब्द असणं ही मला आपल्या भाषेची मोठी श्रीमंती वाटते.

ही माती पांढरी का होते, त्याचं कारण साधं आहे. चुलीची राख, गोठ्यातलं शेण, मातीच्या भिंती, पोतेऱ्याचा चुना, जनावरांची हाडं, फुटकी मडकी हे सगळं वर्षानुवर्षं एकाच जागी पडत राहतं. घर पडलं की त्याच्याच मातीवर दुसरं घर उभं राहतं. शे-दोनशे वर्षांत जमीन हात-दोन हात वर येते. एखाद्या दिवशी पुरानं, आगीनं, रोगराईनं किंवा दुष्काळानं गाव उठतं. भिंती पावसात विरघळतात, वर गवत येतं. मग आपण म्हणतो, इथं टेकाड आहे. नेवासे, दायमाबाद, इनामगाव ही महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातली मोठी नावं. उत्खननापूर्वी तीही अशीच पांढरीची टेकाडं होती. पुराणवस्तू शोधणारा माणूस खेड्यात गेला की आधी विचारतो, "तुमच्या शिवारात पांढरीचं टेकाड कुठं आहे?" त्याच्या शास्त्राला आपल्या शेतकऱ्याचा शब्द उपयोगी पडतो.

आता आपल्या भंडारा जिल्ह्याकडे येऊ. हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. बाहेरच्यांना आपली ओळख तांदूळ, कोसा आणि वैनगंगा एवढीच असते. पण आपल्याकडे तिलोता खैरीला दगडांची वर्तुळं आहेत आणि पिंपळगावला उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवलेलं स्मारक आहे. नागपूरजवळ जुनापाणी, माहूरझरी, खापा इथली शिळावर्तुळं प्रसिद्ध आहेत. त्याच कुळातले हे दगड. विदर्भातली ही लोहयुगाची संस्कृती आजपासून सुमारे अडीच ते पावणेतीन हजार वर्षं मागे जाते. लिहिलेला एक शब्दही या लोकांनी मागे ठेवला नाही. म्हणून त्यांना आपण इतिहासपूर्व म्हणतो.

ही वर्तुळं म्हणजे थडगी. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडायचे, मधे माती आणि गोटे भरायचे आणि आत मृताच्या अस्थींजवळ त्याची भांडी, लोखंडाची हत्यारं, अलंकार ठेवायचे. माहूरझरीला माणसाबरोबर घोडाही पुरलेला सापडला, त्याच्या तोंडावरच्या तांब्याच्या साजासकट. भांडी काळी-तांबडी, आतून काळी आणि बाहेरून तांबडी. भट्टीत भांडं पालथं घातलं की आतल्या बाजूला हवा लागत नाही, ती काळी राहते. बाहेरच्या बाजूला हवा लागते, ती तांबडी होते. एवढी जाण त्या कुंभाराला होती.

मी मुसलमान आहे. आमच्याकडे मयताला साध्या पांढऱ्या कफनात मातीत ठेवतात, बरोबर काही देत नाहीत. पण कबर ही कबर असते. कब्रस्तानात जुनी कबर खचून सपाट झाली, तिच्यावरचा दगड हरवला, तरी घरातली म्हातारी माणसं लहान मुलाला हात धरून बाजूनं नेतात. तिथं कोण आहे हे माहीत नसतं. कोणीतरी आहे एवढं पुरतं. शिळावर्तुळाजवळ गेलो की मलाही तसंच बाजूनं चालावंसं वाटतं.

मेलेल्यांची जागा कळली की जिवंत कुठं राहत होते, हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर शोधायला एका माणसानं जीव गमावला. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाट भागातल्या शिळावर्तुळांचं खोदकाम पाहायला गेले होते. परतताना बोरीजवळ पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांचे कागद पुढे रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापले. त्यानंतर शंभरहून जास्त वर्षांनी, 1968-69 मध्ये, नागपूर विद्यापीठानं टाकळघाट आणि खापा इथं उत्खनन केलं. खाप्याला थडगी आणि टाकळघाटला वस्ती. मेलेले आणि जिवंत, दोन्ही जागा शेजारी शेजारी सापडल्या. पुढे पेंच नदीकाठच्या नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली आणि जळालेले धान्याचे दाणेही मिळाले. त्या दाण्यांत तांदूळ होता. आज रोवणीच्या दिवसांत वाकून पऱ्हे लावणाऱ्या बायांना हे कुणी सांगितलं पाहिजे. विदर्भाच्या मातीतलं हे काम अडीच हजार वर्षांचं आहे.

आपल्याच जिल्ह्यात ही गोष्ट दगडांवरून अक्षरांवर येते, ती पवनीला. पवनीला लोक विदर्भाची काशी म्हणतात. देवळं आहेत, घाट आहेत. गावाच्या एका बाजूला वैनगंगा आणि जमिनीच्या बाजूनं मातीचा जुना तट व खंदक. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगतपती जोशी हे त्या कामाचे प्रमुख. 1972 मध्ये त्यांचा अहवाल निघाला. सर्वांत खालच्या थरात मौर्यांच्याही आधीची वस्ती होती. आणि बाजूच्या टेकड्या खणल्या तेव्हा त्यांच्या पोटात विटांचे बौद्ध स्तूप निघाले. त्यातला एक तर सांचीच्या पंक्तीत बसावा एवढा.

या टेकड्यांची नावं ऐका. एक जगन्नाथ टेकडी, एक सुलेमान टेकडी, एक हरदोलाला टेकडी. जगन्नाथाचं नाव, सुलेमानचं नाव, हरदोलालाचं नाव, आणि आत तथागताचा स्तूप. स्तूप विसरला गेला, पण जागा रिकामी राहिली नाही. ज्याची जी श्रद्धा, त्यानं तिथं आपलं नाव ठेवलं. गेल्या काही वर्षांत अशा नावांवरून देशभर भांडणं झाली. कोण खाली, कोण वर, कोण आधी, कोण नंतर. पवनीकडे पाहून मला वेगळं वाटतं. तीन नावांनी मिळून त्या टेकड्या राखल्या. गावानं तिथं देव मानला, पीर मानला, म्हणून नांगर आणि कुदळ लांब राहिले. सरकारचा कायदा यायच्या कितीतरी आधी श्रद्धेनं राखण केली होती.

जगन्नाथ टेकडीत दगडी कठड्याचे खांब निघाले. एकावर पाच फण्यांचा नाग आहे, मुचलिंद. बुद्धावर पावसात फणा धरणारा तो नागराजा. खाली ब्राह्मी लिपीत त्याचं नाव कोरलं आहे. बुद्ध मात्र दाखवलेला नाही. तो तिथं आहे हे पाहणाऱ्यानं समजून घ्यायचं. बाकीच्या खांबांवर आणि शिळांवर ज्यांनी दान दिलं त्यांची नावं आहेत. ही सगळी राजे-महाराजे नाहीत. त्यात विसमिता नावाची एक उपासिका आहे, म्हणजे संसारात राहून धम्म पाळणारी बाई. तिनं दान दिलं आणि खाली कोरून घेतलं की, हे सगळ्या प्राण्यांच्या सुखासाठी होवो.

श्रोतेहो, हे दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं आहे. तिनं स्वतःसाठी काही मागितलं नाही. नवऱ्यासाठी, लेकरासाठी, पवनीसाठीही नाही. सगळ्यांसाठी मागितलं. पुढे ज्ञानेश्वरांनी पसायदानात सगळ्या जिवांसाठी मागितलं. आमच्या घरात नमाजनंतर दुवा मागताना माझी आई शेजारपाजारच्या सगळ्यांची नावं घ्यायची, त्यात जातधर्म नसायचा. मागायची रीत वेगळी, पण मागणं तेच. माणसानं सर्वांसाठी मागावं, ही सवय आपल्या जिल्ह्यात फार जुनी आहे, एवढंच मला म्हणायचं आहे.

विसमितेच्या त्या ओळीची भाषा प्राकृत आहे. आपली मराठी प्राकृताच्याच घरातून आली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा त्याच दिवशी पाली आणि प्राकृतलाही दिला. मला गेली तीस वर्षं लोक कौतुकानं विचारतात, "तुम्ही मुसलमान असून मराठीत कविता कशी काय लिहिता?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. मी हसून सांगतो की माझ्या आईनं मला भाकरी मागायला याच बोलीत शिकवलं. पण पवनीचे ते खांब पाहिल्यापासून माझ्याकडे आणखी एक उत्तर आहे. माझ्या जिल्ह्यात लिहिल्या गेलेल्या पहिल्या शब्दांत एका साध्या बाईचं नाव आहे. ती ज्या मातीवर राहिली, त्याच मातीवर मी राहतो. पांढरी जर सगळ्यांची असेल, तर तिची भाषाही सगळ्यांचीच.

आता कायद्याकडे येतो. जुन्या स्मारकांच्या जतनाचा पहिला मोठा कायदा 1904 मध्ये इंग्रजांनी केला. स्वातंत्र्यानंतर 1958 मध्ये केंद्राचा आणि 1960 मध्ये महाराष्ट्राचा कायदा झाला. 2010 मध्ये केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीशिवाय करता येत नाही. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निळ्या फलकावर पांढऱ्या अक्षरात हे लिहिलेलं असतं. फलक उन्हात फिका पडतो, कधी गुरं त्याला अंग घासतात.

अशाच एका फलकाजवळ मी एका शेतकऱ्याशी बोलत होतो. त्याचं धानाचं शेत दगडांच्या वर्तुळाला लागून होतं. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या शेताजवळ केवढं जुनं धन आहे." तो म्हणाला, "ते आमचं कुठं आहे जी? ते सरकारचं आहे."

हे बोलताना त्याच्या आवाजात राग नव्हता. सात-बारावरची नोंद सांगावी तसं त्यानं सांगितलं. पण त्या एका वाक्यात आपलं सगळं दुखणं आहे. फलक लागला आणि पांढरी सरकारची झाली. जी गोष्ट सरकारची, तिची काळजी सरकारनं घ्यावी, असं माणूस साहजिकच म्हणतो. आणि सरकारचा राखणदार कुठं कुठं पुरणार? विदर्भात शिळावर्तुळं शेकड्यांनी आहेत. त्यांतली फार थोडी कायद्याच्या कुंपणात आली. बाकीची शेतात, झुडपी जंगलात, मुरमाच्या खाणींच्या तोंडाशी पडून आहेत. जेसीबीला एक वर्तुळ उचलायला एक दुपार पुरते.

या टेकाडांची चोरी फार जुनी आहे. पांढरीची माती राखेमुळे खतासारखी चांगली, म्हणून शेतकरी तिच्या गाड्या भरून शेतात नेत. भाजक्या जुन्या विटा आयत्या मिळतात, म्हणून त्या नव्या घरांच्या पायात जात. आणि हे गरीब शेतकऱ्यानंच केलं असं नाही. इंग्रजांच्या काळात लाहोर-मुलतान रेल्वेच्या रुळांखाली घालायला हडप्पाच्या विटा गाड्यांनी नेल्या. एका मोठ्या संस्कृतीचं शहर खडी म्हणून वापरलं गेलं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 100 मीटरच्या आत ज्याचं घर येतं, त्याचीही कुचंबणा असते. पावसाळ्यात भिंत खचली, पोराचं लग्न ठरलं, एक खोली वाढवायची आहे, आणि कायदा आडवा येतो. जुन्या घराची दुरुस्ती करायला परवानगी मिळू शकते, पण तो अर्ज कुठं करायचा, कोणते कागद लावायचे, हे त्याला गावात कुणी सांगत नाही. मग त्याला ती टेकडी शत्रू वाटू लागते. ज्या टेकडीला त्याच्या आजानं नारळ फोडला, तिच्याकडे नातू रागानं पाहतो. त्यात नातवाची चूक मी मानत नाही. कायद्यानं दगड राखले, पण दगड आणि माणूस यांचं नातं राखायला कायद्यात कलम नाही. ते काम आपलं आहे.

आपल्या भागाला गाव उठण्याचं दुःख नवं नाही. 22 एप्रिल 1988 रोजी पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे कितीतरी गावं उठली. ज्यांची पांढरी पाण्याखाली गेली, त्यांना नव्या गावठाणात चांगलं घर मिळालं तरी जुन्या गावाचं नाव काढताच गळा दाटतो. पार कुठं होता, विहीर कुठं होती, कुणाची माती कुठं दिली होती, हे ते बोटानं दाखवतात, जिथं आता नुसतं पाणी दिसतं. टेकाडाच्या पोटातलं गावही असंच कुणाचं तरी होतं. फरक एवढाच की त्यांच्यासाठी गळा दाटणारं आज कुणी उरलेलं नाही.

तर आपण काय करायचं? पहिली गोष्ट अगदी सोपी आहे. नांगरताना, बोडी खोल करताना, घराचा पाया खणताना काही जुनं निघालं, तर ते हलवू नये. वस्तू महत्त्वाची असतेच, पण ती कोणत्या थरात, कशाशेजारी होती, हे जास्त महत्त्वाचं. 1974 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना काशाच्या चार मूर्ती मिळाल्या. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. साठ किलोंहून जास्त वजनाचा तो ठेवा देशाच्या अभिमानाचा विषय आहे. पण तो शास्त्रीय उत्खननात निघाला नाही, म्हणून त्याच्या काळाविषयी विद्वान अजून वाद घालतात. जागेवरून उचललेली वस्तू अर्धी मुकी होते. मोबाइल आता प्रत्येकाच्या खिशात आहे. आहे त्या जागी फोटो काढावा आणि तलाठ्याला, तहसील कार्यालयाला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवावं. जमिनीतून निघालेलं धन कळवण्याचं बंधन 1878 च्या कायद्यापासून आहे. पण धाक म्हणून कळवू नये, आपलं म्हणून कळवावं.

दुसरी गोष्ट शाळांसाठी. आमची पोरं सहलीला अजिंठा-वेरूळ पाहून येतात, चांगलं आहे. पण पवनीच्या पोरानं जगन्नाथ टेकडी आधी पाहावी. भूगोलाच्या मास्तरांनी मुलांना एकदा शिवारात नेऊन काळी आणि पांढरी माती हातात घेऊन दाखवावी. ज्या मुलानं काळी-तांबडी खापर एकदा ओळखली, तो ती पायानं उडवणार नाही.

तिसरी गोष्ट ग्रामपंचायतींसाठी. गावाच्या हद्दीत अशी जागा असेल तर तिचं गावातलं नाव लिहून ठेवा. म्हातारी माणसं तिला काय म्हणतात, तिथं कधी नारळ फुटतो, कधी दिवा लागतो, कोणती गोष्ट सांगतात, ते सारं लिहून ठेवा. कुणी सांगतं हे दगड राक्षसांनी मांडले, कुणी म्हणतं गवळ्यांनी. इतिहास म्हणून ते खरं नसेल, पण त्या गोष्टींनीच ही जागा इतकी वर्षं राखली. नावं पुसून एकच नाव लावायची घाई करू नका. जगन्नाथही राहू द्या, सुलेमानही राहू द्या, आणि आत कोणाचा स्तूप आहे तेही मोठ्या अक्षरात लिहा.

सरकारचा फलक असू द्या, त्याची गरज आहे. पण त्याच्या शेजारी गावाचाही एक फलक असावा असं मला वाटतं. त्यावर शिक्षा आणि दंड लिहायला नको. इथं आपल्याआधीची माणसं राहिली, त्यांनी भात शिजवला, मडकी घडवली, मेलेल्यांना जपून मातीत ठेवलं, एवढं लिहिलं तरी पुरे. तिथून जाणाऱ्या शेतकऱ्याला कुणी विचारलं, हे कोणाचं, तर त्यानं म्हणावं, "आमचं आहे जी."



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)